दोन मुली आहेत म्हणून डॉक्टर गर्भपाताला नाही म्हणू शकतात का?

करवंद_जाळी
माझ्या चुलत बहिणीसाठी विचारतेय, ती तालुक्याच्या गावी असते. तिला दोन मुली, धाकटी तीन वर्षांची, तांबी बसवलेली होती तरी दिवस गेले, आत्ता आठवा आठवडा चालू आहे. नवरा-बायको दोघांनाही तिसरं नकोय, घरचं उत्पन्न तेवढं नाहीच, शिवाय दुसऱ्या बाळंतपणात तिचे फार हाल झाले होते. एका खाजगी दवाखान्यात गेली तर पहिला प्रश्न, आधीची किती मुलं? दोन मुली म्हटल्यावर बाई एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या आमच्याकडे हे होत नाही. दुसरीकडे गेली तर नवऱ्याची सही आणा, दोघांचं आधार आणा, आणि तरी नक्की सांगता येत नाही. मेडिकलवाल्याने तर गोळ्यांचं नाव काढल्यावर असं बघितलं की ती रडतच घरी आली. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळतं का हो? मग ती कसली गुन्हेगार? नियम काय आहे, कोणी नीट सांगेल का, दिवस भराभर चाललेत.

सिस्टर_मावशी
बाळा आधी बहिणीला सांग घाबरू नको, आठवा आठवडा म्हणजे हातात वेळ आहे, पण वाया घालवू नका. मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, त्यातली बरीच बाळंतपणाच्या वॉर्डात. संमतीपत्रावर सही फक्त बाईची लागते, ती १८ वर्षांच्या वरची असली की झालं. नवऱ्याची, सासूची, कोणाची सही कायद्यात नाही. मग मागतात का, तर उद्या घरचे लोक येऊन दवाखान्यात दंगा करतात म्हणून डॉक्टर स्वतःला सांभाळतात, हे मी डोळ्याने पाहिलंय. पण ते त्यांचं भय झालं, नियम नाही झाला.

तांबी असूनही दिवस राहिले हे कायद्यात सरळ लिहिलेलं कारण आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, पण त्या मनाने आणून घ्यायच्या नाहीत, गर्भ नळीत तर नाही ना हे आधी बघावं लागतं, आणि तांबी असताना दिवस गेले तर ही तपासणी जास्तच महत्त्वाची. तांबी अजून आत आहे का तेही बघतील. उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याला घेऊन जा, सरकारी ठिकाणी वेगळी परवानगी लागत नाही, खाजगीला मान्यता घ्यावी लागते आणि पुष्कळांकडे ती नसते, तेच लाजेखातर सांगत नाहीत. नाव कुठे बाहेर जात नाही, नोंदवही गोपनीय असते, फोडलं तर शिक्षा आहे.

बालाघाट
मी बीडचा आहे आणि मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. आठशे सात. राज्याचा आकडा ८९४, तोही २००१ च्या ९१३ वरून खाली आलेला. परळीचं बेकायदा लिंगनिदान-गर्भपाताचं प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं, आमच्या घरात त्यावर जेवताना कोणी बोलत नव्हतं इतकी लाज वाटत होती. मग २०१७ ला सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. तिथेही एका बाईचा जीव गेला तेव्हा कळलं. त्यामुळे दोन मुलींच्या आईला डॉक्टर प्रश्न विचारतो तेव्हा मला तो डॉक्टर वाईट वाटत नाही. कडक झाले नसते तर आमच्याकडे अजून काय काय झालं असतं देव जाणे. लिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तो उगाच केला नाही.

सिस्टर_मावशी
बालाघाट दादा, तुमचा आकडा खोटा नाही, मीही त्या दिवसांत ड्युटीवर होते. पण कडकपणा कुठे पोहोचला ते बघा. गुन्हा मशीनवर होतो, लिंग सांगणाऱ्याच्या तोंडून होतो. आणि तपासण्या सुरू झाल्या मेडिकलच्या फळीवर! तेव्हापासून आपल्या राज्यात दुकानदारांनी गोळ्यांचं पाकीट ठेवणंच सोडलं, चिठ्ठी असली तरी मिळत नाही. त्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या, त्या वेळी सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. म्हणजे ज्या बाईने काहीच तपासलेलं नाही तीच अडकते, आणि ज्याला पैसे देऊन करायचंय तो गाडी करून राज्याच्या सीमेपलीकडे जातो. अडलेली बाई मग कुठल्या तरी काढ्याच्या नादी लागते आणि आमच्याकडे येते ती ताप घेऊन.

अजून एक. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या भिंतीवर सगळीकडे 'भ्रूणहत्या पाप आहे' लिहिलेलं. वाचणारीला वाटतं गर्भपातच बेकायदा. आमच्याच काही सिस्टर्सना तसं वाटायचं! स्त्रीभ्रूणहत्या म्हणायचं असेल तर लिंगनिदान गुन्हा आहे असं लिहा ना सरळ.

कलम_काळी
वकिली करते म्हणून थोडी भर. मूळ अडचण कायद्याच्या रचनेतच आहे. गर्भपात आजही आपल्याकडे गुन्हाच आहे, आधी भारतीय दंड संहितेत कलम ३१२ होतं, आता न्याय संहितेत ८८. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा (एमटीपी) कायदा म्हणजे त्यातून डॉक्टरला दिलेली सूट. शांतिलाल शाह समितीने, हे शाह तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते, १९६६ मध्ये अहवाल दिला, चोरून होणाऱ्या गर्भपातात बायका मरतात हे त्यांना थांबवायचं होतं, पण निर्णय ठेवला डॉक्टरच्या मतावर. बाईने मागितलं म्हणून, असं कुठेच नाही. म्हणून डॉक्टर आधी स्वतःची मान वाचवतो.

२०२१ च्या दुरुस्तीत काही बरं झालं. 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' जाऊन 'स्त्री आणि तिचा जोडीदार' आलं, ठराविक गटांना २० ते २४ आठवड्यांची मुदत मिळाली, बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या वगैरे. २४ नंतर बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागला तर, नाहीतर फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर आणि तेही मेडिकल बोर्ड म्हणेल तर. विधेयक आधी संसदेच्या सिलेक्ट कमिटीकडे पाठवा अशी विरोधकांची मागणी होती, ती मान्य झाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही २४ पर्यंतचा हक्क दिला, या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही धरला, आणि डॉक्टरांनी जास्तीच्या अटी घालू नयेत असंही म्हटलं, नवऱ्याची सही ही तसलीच अट. पण पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन मुलांच्या आईला २६ व्या आठवड्यात नाही म्हणालं. तिला अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, कळलंच उशिरा, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषधं चालू. दोन न्यायमूर्तींचं आपसात पटलं नाही म्हणून प्रकरण तिघांपुढे गेलं होतं. म्हणजे बघा, हक्क म्हणावा तर असा.

लिफी_काठची
मी आयर्लंडमध्ये डब्लिनला असते, माहेर बेळगाव. सविता हलप्पनवार आमच्याच गावची. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्याच गॉलवे शहरात १७ आठवड्यांची गरोदर होती, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तिने स्वतः गर्भपात मागितला आणि ठोके चालू आहेत म्हणून थांबवलं. रक्तात जंतुसंसर्ग होऊन गेली. ३१ वर्षांची होती. तेव्हा माझी आई फोनवर म्हणाली, ती इथे असती तर वाचली असती. २०१८ ला इथे सार्वमत झालं, ६६ टक्क्यांच्या वर लोकांनी बंदी उठवायला हो म्हटलं, भिंतीवर तिचं चित्र होतं, लोक चिठ्ठ्या लावून जात होते, मीही एक मराठीत लावली. आता इथे १२ आठवड्यांपर्यंत कारणच सांगावं लागत नाही, तीन दिवस थांबावं लागतं एवढंच. करवंद, तुझ्या बहिणीचं वाचून आईचं ते वाक्य सारखं आठवतंय.

बालाघाट
मावशी, सीमेपलीकडचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्याकडे सगळ्यांना माहिती असतं कोण कुठे जातं. मशीनवाल्याला धरा यावर माझं दुमत नाही. पण दोन मुलींच्या आईला विचारूच नये हे मला अजून जड जातंय.

करवंद_जाळी
काल उपजिल्हा रुग्णालयात गेलो, मी स्वतः गावी आले त्यासाठी. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनीही विचारलं आधीची किती मुलं, बहीण म्हणाली दोन मुली आणि थांबली, मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, तांबी कधी बसवली होती. बस. सही एकट्या तिची. कारणाच्या जागी गर्भनिरोधक साधन निकामी. गर्भ पिशवीतच आहे, तांबी खाली सरकली होती ती काढली, पहिली गोळी तिथेच दिली, परवा पुन्हा बोलावलंय. मावशी, रक्तस्राव किती झाला तर लगेच न्यायचं? आणि नवी तांबी कधी बसवता येते?