‘इंटरफेस’ला दार म्हणावं का?

दांडियाबाजारकर : बडोद्यात मकरपुऱ्याला काकांचा लहानसा कारखाना आहे. तिथे पीएफसेन्स या प्रणालीवर चालणारा फायरवॉल राउटर (येणारी-जाणारी माहिती तपासून सोडणारा) बसवला, पुढची देखभाल मी घरूनच करणार. काकांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला अडलो : ‘या राउटरला दोन इंटरफेस आहेत.’ काका म्हणाले, म्हणजे काय रे? ‘दार’ लिहू का? एक इंटरनेटकडचं, एक कारखान्याच्या जाळ्याकडचं.

लहेरीपुरा : दार ऐकायला गोड, पण पुढे फसाल. मग पोर्टला काय म्हणणार? केबल खुपसायची खाच तेही पोर्ट आणि एसएसएचचा, म्हणजे दुरून यंत्रात शिरायच्या सोयीचा, 22 हा क्रमांकही पोर्टच. शिवाय व्हीलॅन केलं, म्हणजे एकाच केबलवर वेगवेगळी जाळी मांडली, की एकाच खाचेवर तीन-चार इंटरफेस बसतात. ज्याला स्वतःचा आयपी पत्ता आणि स्वतःचे नियम मिळतात, तो इंटरफेस. मी सरळ ‘बाजू’ म्हणेन. बाहेरची बाजू, आतली बाजू.

जुनी पोथी : आणि फायरवॉलला ‘अग्निभिंत’ नको, हात जोडतो. आग पसरू नये म्हणून बांधलेली भिंत सगळंच अडवते. ही निवडून सोडते. बडोद्याच्या माणसाने शब्द शोधत हिंडावं का? पाणीगेट, लहेरीपुरा, चांपानेर, गेंडीगेट, चारी दरवाज्यांचे रस्ते मांडवीत येतात आणि मांडवी म्हणजे मुळात जकातीची जागा. माल बघणार, मग सोडणार. सयाजीराव महाराजांनी 1931 साली कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवला तो याच गावात. तिथे अग्निभिंत लिहायची म्हणजे कमाल झाली.

दांडियाबाजारकर : फायरवॉल म्हणजे मांडवी हे काकांना लगेच कळलं, ‘बाजू’ही घेतली. आता रिमोट ॲडमिनिस्ट्रेशन? ‘दूरस्थ प्रशासन’ म्हटलं की त्यांना कलेक्टर कचेरी आठवते.

लहेरीपुरा : ‘दुरून देखभाल’ पुरे. पण बाहेरच्या बाजूवर ॲडमिनचं, राउटरच्या सेटिंग्जचं, पान उघडं नाही ना ठेवलंत?

दांडियाबाजारकर : छे! बाहेरून फक्त वायरगार्डचा, म्हणजे ओळख पटवून आत घेणाऱ्या खाजगी वाटेचा (व्हीपीएन), पोर्ट यूडीपी 51820 उघडा. त्यातून आत आलो की मग आतल्या पत्त्यावर पान उघडतो.

जुनी पोथी : मग ती दिंडी! वाड्याचा मोठा दरवाजा बंद, त्याच्या फळीतली दिंडी उघडी. ओळख पटली की एकेकाने वाकून आत यायचं. गुजरातीत डोकाबारी.

लहेरीपुरा : नुसतं ‘दिंडी’ वाचून काका पंढरपूरला निघतील. ‘दिंडीदरवाजा’ लिहा. आणि पीएफसेन्सच्या आतल्या बाजूचा पत्ता मुळात 192.168.1.1 असतो, पुष्कळ मोडेमचाही तोच. तसाच राहिला तर दोन्ही बाजू एकाच जाळ्यात पडतात आणि राउटर गोंधळतो. तुमच्या घरीही तेच जाळं असेल तर दिंडीतून निघालेलं माहितीचं पाकीट घरातच घुटमळेल. आतल्या बाजूचा पत्ता 192.168.37.1 असा काहीतरी वेगळा करा.

दांडियाबाजारकर : केला. टिपण काकांनी वाचलं. ‘बाजू’ तशीच ठेवली, मांडवीखाली रेघ ओढली. ‘दिंडीदरवाजा’ खोडून वर पेन्सिलीने लिहिलंय : डोकाबारी.