मदत हवी आहे: टॅक्रोलिमसची लेव्हल चढत नाही, जीन टेस्ट मागावी का?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत ट्रान्सप्लांट फार्मसीत किंवा नेफ्रॉलॉजीत काम करणारं कुणी आहे का? माझ्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याची किडनी ट्रान्सप्लांट नुकतीच झाली. शरीराने नवी किडनी नाकारू नये (रिजेक्शन) म्हणून तो टॅक्रोलिमस घेतो. सकाळच्या गोळीआधीची त्याची रक्तातली लेव्हल ८ ते १० हवी आहे, त्याची ५ च्या वर सरकत नाही. डोस वाढवला तरी तेच. सेंटरवाले दर वेळी विचारतात, "गोळ्या चुकतात का?" हा माणूस अलार्म लावून गोळ्या घेतो, त्याची बायको वहीत वेळ टिपते. शंकेचा रोख त्याच्यावर, याचंच त्याला जास्त लागलंय.

मी वाचलंय ते असं. सीवायपी३ए५ हे आतड्यातलं आणि यकृतातलं एन्झाइम टॅक्रोलिमस मोडतं. ते चालू ठेवणारा जीन ७०-८० टक्के आफ्रिकन अमेरिकनांत असतो, गोऱ्यांत साधारण १०-२० टक्क्यांत. जीननुसार डोस सुचवणाऱ्या सीपीआयसी या तज्ज्ञगटाची २०१५ ची गाइडलाइन अशांना दीडपट ते दुप्पट डोसने सुरुवात करा म्हणते. पण ती जीनचा रिपोर्ट आधीच हातात असेल तर काय करायचं एवढंच सांगते. टेस्ट सगळ्यांची करा असं म्हणत नाही. मग नेहमीच्या डोसवर सुरुवात होते आणि रिजेक्शनची भीती सर्वांत जास्त असते तेच आठवडे कमी लेव्हलवर जातात. कातडीचा रंग बघून डोस ठरवणंही मला पटत नाही, कारण उरलेल्या २०-३० टक्क्यांना तो जास्त होईल. (किडनी किती काम करते ते काढणाऱ्या ईजीएफआर सूत्रातून वंशाचा आकडा २०२१ मध्ये काढला, तसं इथेही रक्तालाच विचारावं की!)

डॉक्टर म्हणाले, आता लेव्हल बघून डोस बदलतोच आहोत, टेस्टने वेगळं काय कळणार? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण रिपोर्ट आला तर निदान तो संशय तरी मिटेल, असं मला वाटतं.

तर विचारायचंय:

ट्रान्सप्लांटनंतर ही टेस्ट मागितली तर सेंटर करतात का, आणि इन्शुरन्स पैसे देतो का?

साध्या कॅप्सूलचा डोस वाढवत नेला की पीक (गोळीनंतरची सर्वांत वरची लेव्हल) फार चढतं आणि हात थरथरतात. त्याचे आत्ताच थरथरतात. दिवसातून एकदा घ्यायच्या एक्स्टेंडेड रिलीज गोळीत पीक कमी राहतं म्हणतात. कुणी बदलून घेतलीय का? प्रायर ऑथोरायझेशनला (इन्शुरन्सच्या आगाऊ मंजुरीला) काय लिहावं लागलं?

आणि एक. त्याचं मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) किडनीमुळे मिळालेलं आहे, वय ६५ च्या खूप खाली. ट्रान्सप्लांटनंतर ३६ महिन्यांनी ते संपेल. २०२३ पासून फक्त इम्युनोसप्रेसंटसाठी (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधांसाठी) मेडिकेअरचं पार्ट बी-आयडी सुरू झालंय. त्याचा अर्ज कुणी भरलाय का? मेडिकेअर संपायच्या किती आधी हालचाल करावी?

लेव्हलचे कागद त्याच्याकडे आहेत, कुणाला आकडे हवे असतील तर त्याला विचारून इथे टाकेन. पुढची अपॉइंटमेंट याच आठवड्यात आहे.