कॅट-6 वरचा पीटीझेड दिवसा चालतो, रात्री बंद-चालू (प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गेट नं. 2
सोसायटीच्या मागच्या गेटवर अ‍ॅनालॉग एचडी पीटीझेड (दुरून वळवता, झूम करता येणारा कॅमेरा) आहे, 12 व्होल्ट 1.5 अँपिअरचा. डीव्हीआरपासून (रेकॉर्डरपासून) 85 मीटर, मधे जोड नाही, एकच कॅट-6 (चार पिळलेल्या जोड्यांची नेटवर्क केबल), 23 गेज. नारिंगी जोडी बलूनवरून (पिळलेल्या जोडीतून व्हिडिओ नेणारा जोडक) व्हिडिओला, हिरवी आरएस-485 ला (कॅमेरा वळवायच्या आज्ञांची लाइन), निळ्या दोन्ही तारा प्लस, तपकिरी दोन्ही मायनस. डीव्हीआरशेजारी 12 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). दिवसा चित्र स्वच्छ, कॅमेरा हवा तिकडे वळतो. अंधार पडून आयआर (रात्रीचे इन्फ्रारेड दिवे) लागले की चित्र जातं, कॅमेरा एक गिरकी घेऊन जागेवर येतो, परत आयआर, परत चित्र गायब. कॅमेऱ्यापाशी दिवसा 9.6 व्होल्ट मिळतात. 10 अँपिअरचा एसएमपीएस लावला तर भागेल का? शिवाय पुढच्या गेटला, डीव्हीआरपासून उलट दिशेला 60 मीटरवर, दुसरा पीटीझेड घ्यायचाय. त्याच 485 टर्मिनलवरून चालेल का?

तांब्याची तार
10 काय, 50 अँपिअरचा लावा, फरक पडणार नाही. अडचण एसएमपीएसची नाही, तारेची आहे. 23 गेजच्या एका तारेचा रोध 100 मीटरला साधारण 6.7 ओहम. तुमच्याकडे दोन-दोन तारा एकत्र आहेत, म्हणजे 85 मीटर जाऊन-येऊन 5.7 ओहम. दिवसा 2.4 व्होल्ट पडतात, म्हणजे करंट जेमतेम 0.42 अँपिअर, कॅमेरा 4 वॉट घेतोय. आता रात्रीचं बघा. 12 व्होल्टवर 5.7 ओहममधून पलीकडे जास्तीत जास्त सव्वासहा वॉट पोचतात, आणि कॅमेऱ्याला हवेत 18 पर्यंत. त्यातून कॅमेऱ्यातलं सर्किट असं, की व्होल्टेज उतरलं की ते करंट जास्त ओढतं, त्यामुळे व्होल्टेज आणखी उतरतं, शेवटी कॅमेरा बसतो. आयआर बंद, भार कमी, परत उठतो. ती गिरकी म्हणजे सेल्फ टेस्ट.

उपाय: तारेतून 48 व्होल्ट पाठवा आणि खांबावरच्या बॉक्समध्ये 48 ते 12 चा 3 अँपिअरचा कन्व्हर्टर लावा. 18 वॉटला मग करंट 0.45 च्या आत, तारेत अडीच व्होल्ट पडतात, त्याने काही बिघडत नाही. कन्व्हर्टर आयसोलेटेडच घ्या, म्हणजे इनपुट आणि आउटपुट आतून जोडलेले नसलेला. साध्यात मायनस सामाईक राहतो, परतीचा थोडा करंट बलूनच्या वाटेने जातो आणि चित्रात आडव्या पट्ट्या सरकायला लागतात. दुकानात मिळणारं साधं एलएम2596 चं बोर्ड इथे नको, त्याची मर्यादा 40 व्होल्ट, 48 वर जळतं. कॅमेरा जोडण्याआधी आउटपुट मीटरवर 12 आलंय हे बघून घ्या.

त्याआधी एक तपासणी. दोन्ही टोकं सोडवा, तिकडे निळी-तपकिरी एकत्र पिळा, इकडून ओहम मोजा. 9 च्या आसपास आलं तर तार तांब्याची नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. ब्लेडने खरवडलं की आत चंदेरी दिसतं.

485वाला
दुसऱ्या पीटीझेडचं उत्तर: चालेल, आणि तुमची मांडणी उलट सोयीची आहे. दोन दिशांना दोन तारा म्हणजे एकच सरळ बस (सगळ्यांची सामाईक लाइन), डीव्हीआर मधोमध. दोन्ही कॅमेऱ्यांपाशी ए-बी (485 च्या दोन तारा) मधे 120 ओहमचा रोधक लावा, डीव्हीआरपाशी नको. तिसरी फांदी काढली की मात्र मांडणी चांदणीच्या आकाराची होते आणि आज्ञा गळायला लागतात. दोन्हींचे अ‍ॅड्रेस वेगळे ठेवा, नाहीतर एक फिरवला की दोन्ही फिरतील. पेल्को-डी (आज्ञांची भाषा) आणि बॉड रेट (आज्ञा पाठवायचा वेग), 2400 असो वा 9600, दोन्हीकडे तोच.

सेल्फ टेस्ट होतेय पण जॉयस्टिकला दाद नाही, तर आधी ए-बी उलटून बघा. आणि ए एका जोडीतून, बी दुसऱ्या जोडीतून असं कधी करू नका. पीळ हरवला की शेजारच्या व्हिडिओचा कचरा आत येतो.

लाल बल्ब
डीव्हीआर आणि कॅमेरा दोन्ही व्हिडिओच्या तारेवरून कंट्रोल देत-घेत असतील तर हिरवी जोडी मोकळी होऊन पॉवरला लावता येईल ना?

तांब्याची तार
तीन-तीन तारा केल्या तरी 3.8 ओहम, साडेनऊ वॉट. 18 ला पुरत नाही. लहान बुलेटला (न वळणाऱ्या कॅमेऱ्याला) चालेल, पीटीझेडला नाही.

दुसरा कॅमेरा अजून घ्यायचाच आहे, तर डीव्हीआर आयपी (नेटवर्क कॅमेऱ्याचं) चॅनल घेतो का बघा. आयपी पीटीझेड 802.3एटी वर (पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच पॉवर देण्याचं मानक) घेतला तर स्विचवरून 30 वॉट, कॅमेऱ्याला 25.5 मिळतात, 60 मीटर म्हणजे 100 च्या आत, आणि व्हिडिओ, पॉवर, कंट्रोल सगळं एका आरजे-45 (नेटवर्कचा प्लग) मधून. दोन्ही टोकं 568बी (तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम). 485 ची भानगडच नाही. फक्त जुनी बलूनची तार चुकूनही 48 व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरला (केबलमध्ये थेट पॉवर सोडणारी डबी) लावू नका. पीओई स्विच आधी समोर कोण आहे ते तपासतो, इंजेक्टर काही विचारत नाही.

गेट नं. 2
मोजलं. 6.1 आलं, मीटरच्या लीड्सचे 0.3 वजा केले तर 5.8. तार तांब्याचीच दिसते. मागच्या गेटला 48 व्होल्ट आणि आयसोलेटेड कन्व्हर्टर करतो, पुढचा आयपीच घेतो. बॉक्समध्ये पाणी जाऊ नये म्हणून?

485वाला
केबल ग्लँड (तार आत घेणारी घट्ट बसणारी बुशिंग) खालच्या बाजूने घ्या, आत शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. बॉक्सच्या तळाला 3 मिमीचं भोक ठेवा, आत साचलेला दमट घाम बाहेर पडायला. उन्हातली राखाडी केबल दोन-तीन वर्षांत तडकते, ती पाइपात घाला.