टॅब सारखा बंद-चालू होतोय : तुमचे अनुभव सांगा

कोथरूडहून :

आईचा टॅब काल संध्याकाळपासून सुरूच होत नाहीये. कंपनीचं चिन्ह येतं, पडदा काळा होतो, परत चिन्ह येतं. रात्रभर तेच चाललं होतं. २०२०च्या टाळेबंदीत घेतलेला अँड्रॉइडचा टॅब आहे. टॅबचं काही नाही, नवा घेता येईल. पण बाबा रोज सकाळी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचे. ते जायच्या आदल्या वर्षी आईनं तो टॅबवर रेकॉर्ड केला आणि तो दुसरीकडे कुठेच नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "रीसेट मारतो, अर्ध्या तासात घेऊन जा." रीसेटमध्ये टॅबमधलं सगळंच पुसलं जातं, म्हणून मी टॅब तसाच उचलून घरी आणला. तुमच्याकडे असं झालं असेल तर आधी काय केलंत, नंतर काय केलंत, सविस्तर लिहा. काय करायला नको होतं तेही लिहा.

नवी पेठ, अभ्यासिकेतून :

ताई, टॅब उचलून आणलात ते फार बरं केलंत. मी नेमकं उलटं केलं. पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आणि टॅब अडकला. कुठलातरी व्हिडिओ बघून पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरलं, रिकव्हरीचा (टॅब दुरुस्त करायच्या पर्यायांचा) पडदा आला आणि घाईघाईत 'वाइप डेटा' (हेच ते रीसेट) निवडलं. टॅब सुरू झाला, पण राज्यघटना आणि अर्थव्यवस्थेच्या दीड वर्षाच्या हाताने लिहिलेल्या नोट्स गेल्या. वर त्याने आधीचं गूगल खातं मागितलं. चोरीला आळा बसावा म्हणून अँड्रॉइड ५.१पासून ही सोय आहे. टॅब मामेभावाने दिलेला, खातं त्याचं आणि पासवर्ड त्याला आठवेना. दोन दिवस त्यातच गेले.

तापकीर गल्लीत तीन दुकानांत विचारलं. एकानेच नीट समजावून सांगितलं, की आताच्या टॅबमध्ये माहिती कुलूपबंद स्वरूपात साठवलेली असते आणि रीसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच पुसली जाते. मग चिप काढून वाचली तरी हाती काही लागत नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत.

सहकारनगर (पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, आता निवृत्त) :

सुरू होताना टॅब कुठपर्यंत पोचून मागे फिरतो, ते आधी घड्याळ लावून बघा. दुरुस्तीची निम्मी दिशा तिथेच कळते. नुसतं चिन्ह दिसून काही सेकंदांत अंधार होत असेल, तर मी आधी बटण, बॅटरी आणि बोर्ड यांच्याकडे बघतो. चिन्हाच्या पुढचं हलतं चित्र येऊन तिथेच तासभर फिरत राहिलं, तर बहुधा अपडेट अर्धवट राहिलंय किंवा साठवण काठोकाठ भरलीय. मुख्य पडदा येऊन मिनिटभरात बंद पडत असेल, तर एखादं ॲप घोटाळा करतंय का ते सेफ मोडमध्ये (यात आपण टाकलेली ॲप बंद राहतात) जाऊन तपासता येतं. बहुतेक टॅबमध्ये चिन्ह दिसताच आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की सेफ मोड लागतो.

बटणाचं का म्हणतो, तर माझ्या नातवाच्या टॅबला जाड रबरी कव्हर होतं. त्याची कड पॉवरच्या बटणावर रुतली होती. हे बटण सतत दाबलेलं राहिलं की टॅब स्वतःला सक्तीने रीस्टार्ट करतो, सुरू होतो, पुन्हा रीस्टार्ट करतो. मुलगा बोर्ड बदलायला निघाला होता. मी कव्हर काढलं, बटणाभोवतीचा मळ मऊ ब्रशने साफ केला, टॅब सुरू झाला. म्हणून ताई, कव्हर काढा, मेमरी कार्ड आणि सिम काढा, आणि मग पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. यात डेटाला काहीही धोका नाही.

हडपसर :

काकांनी कार्ड काढायला सांगितलंय ते खरंच करा. आमच्याकडे खराब मेमरी कार्डच कारण निघालं. कार्ड काढल्यावर पाच मिनिटांत टॅब चालू.

धायरी :

मी शाळेत शिकवते. माझ्या टॅबची बॅटरी म्हातारी झाली होती. सुरू होताना प्रोसेसर एकदम जास्त वीज ओढतो, तेव्हा थकलेल्या बॅटरीचा दाब कोसळतो आणि टॅब मधेच बंद पडतो. त्यातून मी चार्जिंगला फोनचा जुना, एक अँपिअरचा चार्जर लावत होते. गुरुवारी दिवसभर वीज नव्हती, टॅब पार रिकामा झाला आणि मग हे चक्र सुरू झालं. टॅबबरोबर आलेल्या चार्जरवर दोन तास ठेवल्यावर चालू झाला. पुढे दोन महिन्यांनी बॅटरी बदलावीच लागली.

मागची बाजू फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल, तर मात्र चार्जिंगला लावूच नका, दाबूही नका. अशी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचऱ्यातच द्यायची.

विमाननगर :

माझा टॅब अपडेटनंतर अडकला होता. बटणं कितीही दाबली तरी रिकव्हरी उघडेना. शेवटी कळलं, की काही नव्या टॅबना केबलने संगणकाला जोडल्याशिवाय रिकव्हरी उघडतच नाही. जोडलं आणि पहिल्या फटक्यात उघडली. तिथे 'वाइप कॅश पार्टिशन' असेल तर ते निवडा. त्याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात, फोटो आणि रेकॉर्डिंग राहतात. सगळ्या टॅबवर हा पर्याय नसतो. त्याच्या शेजारीच 'वाइप डेटा' असतं, म्हणून दोनदा वाचून मगच बटण दाबा.

आयपॅडवाल्यांसाठी : रिकव्हरी मोडमध्ये संगणकाला जोडलं की 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. आधी 'अपडेट'. त्याने डेटा न पुसता प्रणाली पुन्हा बसवली जाते. डाउनलोडला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर आयपॅड रिकव्हरीतून बाहेर पडतो. तेव्हा घाबरू नका, डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि पुन्हा रिकव्हरीत जा.

कोथरूडहून, चार दिवसांनी :

सगळ्यांचे मनापासून आभार. कव्हर काढलं, कार्ड काढलं, काही फरक नाही. मूळ चार्जरवर दोन तास ठेवून बटण दाबून धरलं, तेव्हा पहिल्यांदा चिन्हाच्या पुढचं हलतं चित्र आलं आणि तिथेच अडकलं. म्हणजे काकांच्या हिशोबाने दुखणं सिस्टीमचं. भाच्याचा लॅपटॉप आणून केबल जोडली, रिकव्हरी उघडली. 'कॅश'ची ओळ मी मोठ्याने वाचली, भाच्यानेही वाचली, मग निवडली. त्यानंतर टॅब सुरू व्हायला बराच वेळ लागला. आई देवघरातून उठून येऊन शेजारी बसली होती, एक शब्द बोलली नाही.

सुरू झाला. साठवण काठोकाठ भरली होती, जेमतेम जागा उरली होती. इतर कशालाही हात न लावता आधी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि माझ्या फोनवर घेतलं. मग आईने ते लावायला सांगितलं. पूर्ण अध्याय आहे. सातव्या श्लोकाशी बाबा थांबून "पंखा बंद कर गं" म्हणतात, तेही आहे.