आखातातल्या सुरुंगांना कायदा अडवतो का?

तापीकाठ:
रावेर-यावलची केळी न्हावा-शेवाहून आखातात जातात. तिकडे तणाव वाढला की पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "युद्धात कसला कायदा?" मला हे अजिबात पटत नाही. लढाईत नसलेल्या देशाचं जहाज युद्धनौका थांबवू शकते, झडती घेऊ शकते, शत्रूकडे चाललेली शस्त्रं जप्त करू शकते. पण थांबायला तयार असलेलं व्यापारी जहाज सरळ बुडवायचं नाही. आधी खलाशी सुरक्षित जागी हलवायचे. 1936 च्या लंडन प्रोटोकॉलनं हे पाणबुड्यांनाही लागू केलं.

अमळनेरकर:
लागू केलं, पण पाळलं कुणी? दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला जर्मन ॲडमिरल डोनिट्झवर खटला चालला, तेव्हा अमेरिकेच्या ॲडमिरल निमित्झनं लेखी कळवलं की पॅसिफिकमध्ये आमच्या पाणबुड्यांनीही युद्धाच्या पहिल्या दिवसापासून जहाजं सूचना न देताच बुडवली. कोर्टानं डोनिट्झनं हा नियम मोडल्याचं मान्य केलं, मात्र त्याची शिक्षा ठरवताना तो मुद्दा धरलाच नाही. बुडालेल्या खलाशांच्या घरच्यांनी काय समजायचं?

सावदा_केळी:
मी माल पाठवतो. विमावाला युद्धजोखमीचा जादा हप्ता लावतो तो सुरुंगांच्या भीतीनं. तुमचा प्रोटोकॉल तो विचारत नाही.

तापीकाठ:
भाऊ, सुरुंगांवरही नियम आहे, 1907 चा हेग करार. दोर तुटून सुटलेला सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे. अमेरिकेनं 1984 मध्ये निकाराग्वाच्या बंदरांत गुपचूप सुरुंग पेरले. कुणालाही सूचना दिली नाही, हे बेकायदा ठरवून 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं महासत्तेविरुद्ध निकाल दिला. छोटा देश जिंकला!

अमळनेरकर:
जिंकून मिळालं काय? सुरक्षा परिषदेत अमेरिकेनं नकाराधिकार वापरला, भरपाई दिली नाही. तुम्ही निकालावर थांबता, मी वसुली विचारतो.

धुळ्याची_ताई:
दादा, वसुली झाली नाही हे खरं, पण कायदा फक्त कोर्टात नसतो. 1949 च्या दुसऱ्या जिनिव्हा करारानुसार चकमकीनंतर पाण्यात पडलेल्यांना शोधायचं असतं, शत्रूचे असले तरी. नौदलात हे शिकवतात. सागरी युद्धाच्या नियमांची 1994 ची सान रेमो नियमावली बंधनकारक नाही, तरी अनेक नौदलांच्या पुस्तिकांत तिचा आधार आहे. अधिकाऱ्याला गोळीबाराआधी हे माहीत असतं, म्हणून काही जीव वाचतात. सगळे नाही.

सावदा_केळी:
ताई, हे पटलं. पण माझा कंटेनर आखाताच्या तोंडाशी, होर्मुझच्या सामुद्रधुनीत अडकला तर केळी पिकून जातील, त्याची भरपाई कोण देणार? ते कुणी सांगेल का?