तातडीने: सोडियमच्या उपचारानंतर भाचा नीट बोलत नाही, इंदूरमध्ये कोणाला दाखवू?

रामबागकर: ताईच्या मुलाला सोडियमच्या त्रासासाठी अ‍ॅडमिट केलं होतं. सलाईन लावलं, हसतखेळत घरी आला. आता जीभ जड झालीय, भरवलेलं वरण ओठांच्या कडेने गळतं. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. एमआरआय करू का? लवकर सांगा.

सराफ्यातली_मावशी: आमच्या सासऱ्यांचं सोडियम दर उन्हाळ्यात उतरतं. नारळपाणी सुरू करा, आठ दिवसांत फरक पडेल.

जुना_इंदुरी: मावशी, सासरे आणि लेकरू एक का? भिया, वय किती? सोडियम उतरलं होतं की चढलं होतं?

रामबागकर: तीन वर्षांचा. उतरलं होतं. मी डॉक्टर विचारतोय, तुम्ही माझीच उलटतपासणी घेताय!

वॉर्ड_सिस्टर: आकडे लागतीलच. रक्तातलं सोडियम नॉर्मल १३५ ते १४५. दोन-तीन दिवसांहून जास्त उतरलेलं सोडियम झपाट्याने चढवलं, तर मेंदूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होऊ शकतं. त्याला ऑस्मोटिक डिमायलिनेशन म्हणतात. मूल आधी सुधारतं, मग काही दिवसांनी बोलणं-गिळणं बिघडतं. म्हणून २४ तासांत ८-१० पॉइंटांपेक्षा जास्त चढू देत नाहीत. चढलेलं घाईने उतरवलं तर उलट मेंदूला सूज येते. किती होतं, किती वेळात किती झालं?

सराफ्यातली_मावशी: आमच्या भाचीला झटके आले तेव्हा ३ टक्क्यांचं सलाईन भराभर दिलंच की! ठणठणीत आहे.

वॉर्ड_सिस्टर: झटक्यांत पहिले ४-५ पॉइंट लवकर चढवावेच लागतात. प्रश्न त्यापुढचा आहे. आणि नारळपाण्यात सोडियम थोडंच, पोटॅशियम जास्त.

पोहे_जिलेबी: मेडिक्लेम आहे का? डिस्चार्ज समरीच्या झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल कोणाला देऊ नका.

रामबागकर: समरी सापडली. रात्री ११०, सकाळी १३१. जुलाब आठवडाभर होते. पोटॅशियमही कमी लिहिलंय.

वॉर्ड_सिस्टर: पोटॅशियम कमी असलं की हा धोका वाढतो. तोंडाने काही देऊ नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. जिथे मुलांचे न्यूरोलॉजिस्ट आहेत तिथे आत्ताच न्या, समरी आधी पुढे करा. एमआरआय सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो. लक्षणं राहिली तर दोनेक आठवड्यांनी पुन्हा करतात. पुष्कळ मुलं सुधारतातही.

जुना_इंदुरी: गीता भवन चौक टाळा, या वेळी तुंबलेला असतो.

रामबागकर: निघालोय. कोणाला दाखवू ते शेवटपर्यंत कोणी सांगितलंच नाही.

सराफ्यातली_मावशी: पोटॅशियम कमी म्हणता, मग नारळपाणी बरोबरच होतं की माझं!