आधी बेरीज की आधी ग्रेड? (सीजीपीएच्या भक्तांना उत्तर, जरा लांबलंय)

तिरपा कोन

परवा क्रेडिटखोर यांनी इथेच ठणकावून सांगितलं की सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटांची सरासरी) ही मार्कांपेक्षा कितीतरी न्याय्य पद्धत आहे आणि "ज्यांना गणित जमत नाही तेच ओरडतात". मी दोन दिवस गप्प होतो. काल पुतणीचा निकाल लागला, आता गप्प बसवत नाही.

गणितच हवंय ना? घ्या. तिच्या विद्यापीठात ८० आणि वर म्हणजे ओ, १० पॉइंट. ७० पासून ८० च्या आत ए प्लस, ९ पॉइंट. ६० पासून ७० च्या आत ए, ८ पॉइंट. विषय पाच, प्रत्येकी चार क्रेडिट, म्हणजे वजन सगळ्यांचं सारखं. पुतणीचे मार्क ७९, ७९, ७९, ६९, ६९. बेरीज ३७५. तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीचे ८०, ८०, ८०, ७०, ६०. बेरीज ३७०. आता एसजीपीए, म्हणजे या एका सेमिस्टरची सरासरी, काढा. पुतणी ८.६, मैत्रीण ९.४.

पाच मार्क जास्त मिळवणारी मागे, आणि तेही तब्बल ०.८ ने. पोरगी रडलीबिडली नाही. मोबाईलवर तीनदा हिशेब केला, मला दाखवला आणि म्हणाली, "काका, माझंच काही चुकतंय का?"

तिचं काही चुकत नाहीये. क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, या सूत्रालाही माझी हरकत नाही. घोळ त्याच्या आधी होतो. विद्यापीठ प्रत्येक विषयाचे मार्क आधी खोक्यात टाकतं, खोक्यावर ९ लिहितं, आतले ७९ फेकून देतं, आणि मग दोन दशांश स्थळांपर्यंत सरासरी काढून मिरवतं. आधी बेरीज करा, शेवटी एकदाच काय तो ग्रेड लावा. एवढं साधं का होऊ नये?

क्रेडिटखोर

नाव घेतलंत म्हणून येणं भाग आहे.

उदाहरण सोयीचं बेतलंय. पाचच्या पाच विषयांत एका मार्काने हुकणं, आणि मैत्रिणीला पाचही वेळा बरोब्बर काठ गाठता येणं, हे एका सेमिस्टरला घडेल, सहा सेमिस्टर नाही घडत. तीस-चाळीस विषयांत कुठे ७९ येतात, कुठे ७१. वर-खाली भरून निघतं.

आणि ७९ हा आकडा देवाने दिलाय का? कॅपमध्ये, म्हणजे तपासणी केंद्रात, बसून पेपर तपासलेत कधी? जेवणानंतरच्या गठ्ठ्यातला पेपर आणि सकाळचा पेपर यांत चार मार्कांचा फरक सहज पडतो. ७६ आणि ७९ मध्ये खरा फरक नसतोच, ग्रेड तेवढंच प्रामाणिकपणे कबूल करते.

तिरपा कोन

वा. ७६ आणि ७९ मध्ये फरक नाही, मान्य. मग ७९ आणि ८० मध्ये अख्ख्या पॉइंटाचा फरक कुठून आला? चार मार्कांची चूक शक्य आहे म्हणता, आणि एका मार्कावर पोरांच्या माथी पूर्ण पॉइंट मारता. दोन्हीकडून ढोलकी वाजवू नका.

भरून निघतं म्हणता, ते शंभर पोरांची सरासरी काढली तर. एकट्या पोरीचं निघेलच याची हमी काय?

अनुजाची आई

दोघांचंही ऐकलं. माझी अडचण याच्या पुढची आहे.

मुलीने मास्टर्सचा फॉर्म भरायला घेतला. रकाना "टक्केवारी". तिथे ८.६ टाकलं की खाली लाल अक्षरं, ३५ ते १०० मधला आकडा टाका. आता टक्के आणायचे कुठून? कोणी म्हणालं ९.५ ने गुणा. ते सीबीएसईने दहावीसाठी काढलेलं, बोर्डाची परीक्षा ऐच्छिक होती त्या काळातलं. २०१८ पासून परीक्षा पुन्हा सक्तीची झाली, तरी ९.५ अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. दुसरं एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, कोष्टक, ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ७.२५ म्हणजे ६५, थोडक्यात ०.७५ वजा करून दहाने गुणा. एकाने ८१.७ येतात, दुसऱ्याने ७८.५. कॉलेजच्या खिडकीवर विचारलं तर "मार्कशीटच्या मागे बघा". मार्कशीटच्या मागे ग्रेडचं कोष्टक आहे, सूत्र नाही.

तिरपा कोन

ताई, लाख बोललात. आणि गंमत बघा. माझ्या पुतणीचे खरे टक्के ७५, तुमच्या दुसऱ्या सूत्राने ७८.५. मैत्रिणीचे खरे टक्के ७४, त्याच सूत्राने ८६.५! एकीला साडेतीनची खिरापत, दुसरीला साडेबाराची. आधी मार्क फेकून दिले, आता तेच परत शोधतायत.

जुना टीवाय

तुम्ही सगळे फांद्या छाटताय. आमच्या वेळी बी.एस्सी.चा क्लास टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, मार्कांवर लागायचा. एफवाय, एसवाय नुसतं पास व्हायचं. माणूस अठराव्या वर्षी काय होता यावर त्याची पदवी ठरत नव्हती. मी एफवायला दोन विषयांत केटी घेतली (नापास विषय घेऊनच पुढच्या वर्षात गेलो), टीवायला फर्स्ट क्लास काढला, पुढची पस्तीस वर्षं कोणी विचारलं नाही.

आता सेमिस्टर. नव्वद दिवस शिकवणं, त्यात गणपती, गॅदरिंग, निवडणुकीच्या ड्यूट्या. शिकून होईपर्यंत परीक्षा. झाली की विसरा.

खिडकीतली मांजर

काका, तुमचं "नुसतं पास" म्हणजे दोन वर्षं कँटीन आणि शेवटच्या वर्षी एकवीस अपेक्षित. विसरायला आधी शिकावं लागतं.

पण एक मुद्दा घेते. मला दुसऱ्या सेमिस्टरला कावीळ झाली. ५.२. बाकी पाचही सेमिस्टर ८.४. क्रेडिट सगळीकडे सारखे. सीजीपीए ७.८७. दीड महिन्याच्या आजारपणाने अर्धा पॉइंट नेला आणि तो कायमचा गेला, कारण पास झालेला पेपर सुधारायला परत देता येत नाही. नापास झाले असते तर केटीत ८० काढून सगळं धुऊन निघालं असतं.

लेस्टरकर

सुधारायला परत देता येण्याबद्दल इथली गोष्ट सांगतो. इंग्लंडात ए लेव्हल, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखी दोन वर्षांची परीक्षा, बरीच वर्षं मॉड्यूलर, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी द्यायची, होती. साधारण सहा युनिट, मिळून ६०० चे "युनिफॉर्म" मार्क, म्हणजे यूएमएस. तिरपा कोन म्हणतात तेच तिथे होतं, आधी बेरीज, शेवटी ग्रेड. प्रत्येक पेपर कमी-जास्त अवघड निघतो, म्हणून दर वेळी कच्च्या मार्कांवर ग्रेडची सीमा ठरायची, आणि ती सीमा यूएमएसच्या ठरलेल्या आकड्याला बांधायची. ए म्हणजे ८० टक्के, बी ७०, सी ६०, असं खाली ४० पर्यंत. मधले मार्क प्रमाणात.

समजा ७५ च्या पेपरात ए ची सीमा ५८ वर लागली, बी ची ५१ वर. मुलाला ५५. तो बी मध्येच, पण १०० च्या युनिटात त्याला नुसते बी चे ७० मिळत नाहीत. ५१ ते ५८ हे सात मार्क म्हणजे ७० ते ८० चे दहा, त्यात तो चार पुढे, म्हणून ७६. ते ७६ पुढच्या बेरजेत जातात. पुतणीचे ७९ तिथे वाया गेले नसते.

क्रेडिटखोर

आणि मग ती पद्धत बंद का केली हे कोण सांगणार? अर्धीच गोष्ट सांगू नका.

लेस्टरकर

सांगतोच होतो, घाई काय. युनिट परत देता यायचं आणि चांगले मार्क धरले जायचे. थोरलीच्या शाळेत जानेवारी आली की निम्मा वर्ग रिसिटला. ७४ वाली ८० साठी परत बसायची, शिकवणं बाजूला. २०१० पासून ए च्याही वरचा ए स्टार आला तेव्हा म्हणूनच दुहेरी अट घातली, ६०० पैकी ४८० तर हवेतच, शिवाय दुसऱ्या वर्षाच्या ३०० पैकी २७०. पहिल्या वर्षाच्या सोप्या युनिटांत साठवलेल्या मार्कांवर ए स्टार मिळू नये म्हणून. २०१४ पासून जानेवारीची परीक्षा गेली, २०१५ पासून विषयागणिक सगळं शेवटच्या एकाच परीक्षेवर आणायला सुरुवात झाली. काकांना हवं तसं, म्हणा ना.

जुना टीवाय

बघा! साहेब लोक फिरून फिरून आमच्याच गल्लीत आले.

बाकड्यावरचा

तुमचं ७९-८० चालू द्या. पण हे ७९ बनतात कशाचे? आमच्याकडे इंजिनीअरिंगला शंभरातले २५ टर्मवर्कचे. टर्मवर्क म्हणजे काय हे केलेल्यांना माहीत आहे. ड्रॉईंगची शीट. पलंगावर काच, खाली दोनशेचा बल्ब, वर टॉपरची शीट, त्यावर आपली. काच इतकी तापायची की कोपऱ्याचा सेलोटेप सुटायचा आणि शीट अर्धा मिलिमीटर सरकायची. आमच्या रूमवर एका रात्रीत अशा सहा जीटी, म्हणजे काचेवरून उतरवलेल्या शीटा, निघाल्या. टॉपरला २२, मला २३. कारण माझ्या रेघा जास्त गडद होत्या.

यावर तुम्ही दशांशाची चर्चा करताय.

खिडकीतली मांजर

आमच्यात जर्नल. आदल्या वर्षीच्या सीनियरची जर्नल, त्यात त्याच्याही सीनियरची चुकलेली रीडिंग. तीन बॅच एकच चूक उतरवत होत्या. सर सही करून मोकळे.

जुना टीवाय

सगळा दोष मास्तरांचा. इंटर्नलच्या नावाखाली २५ पैकी २३ वाटायचे, लाडक्यांना २५. बाहेरचा परीक्षक असता तर सगळे उताणे पडले असते.

खडू-डस्टर

"लाडक्यांना" हे मागे घ्या.

मी तोच मास्तर आहे. सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-सहा महिने तुंबलेले, मे महिन्यात शून्य. वर्गात ७२ मुलं. मागच्या वर्षी मी खरेखुरे इंटर्नल मार्क दिले, ११, १४, १९, जसे होते तसे. यादी वरून परत आली. "बाकीच्या कॉलेजांत २३-२४ देतात, आपली मुलं मेरिटमध्ये मागे पडतील." तोंडी सांगितलं, लिहून कोणी देत नाही. मी दुसरी यादी केली. पुढच्या वर्षी मला बोलवायचं की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी मी भांडायचं असं तुमचं म्हणणं आहे का? पेन्शन खात धाग्यावर शूरपणा दाखवणं सोपं असतं.

जुना टीवाय

माझ्या पेन्शनवर येण्याचं कारण नव्हतं.

खडू-डस्टर

माझ्या प्रामाणिकपणावर येण्याचंही नव्हतं.

बाकड्यावरचा

सर, तुमच्यावर राग नाही. पण तुमच्या दुसऱ्या यादीचा परिणाम बघा. सगळ्यांना २३, मग तुमच्या विषयाचे ते २५ मार्क असून नसल्यासारखे. ज्या कॉलेजात अजून १४ देतात तिथली पोरं मात्र बुडतात.

खडू-डस्टर

हे मला माहीत आहे. त्या १४ वाल्या मुलीने चौदाच्या लायकीचंच काम केलं होतं, आणि १९ वाल्याने खरंच स्वतः प्रयोग केले होते. दोघांना २३. त्याने विचारलं नाही काही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

क्रेडिटखोर

आता या गदारोळात माझाच मुद्दा सिद्ध होतोय हे कोणाच्या लक्षात येतंय का? पाव भाग मार्क असे वाटलेले असतील, तर ७९ ला कवटाळून काय मिळणार?

तिरपा कोन

उलट आहे. सगळ्यांना २३ दिले तर सगळे वरच्या काठावर गोळा होतात. ७८, ७९, ८०, ८१, गर्दी तिथेच. आणि तुमचा कडा नेमका तिथेच कापलेला. वाटप जितकं जास्त, तितकी खोकी जास्त घातक. मार्कांची नुसती बेरीज केली असती तर २३ सगळ्यांच्यात सारखे मिसळून गेले असते, क्रम हलला नसता.

क्रेडिटखोर

हम्म.

ठीक. ही एक गोष्ट देतो. काठावर गर्दी असेल तर खोक्यांनी नुकसान वाढतं. पण मार्कशीटवर मार्क छापलेले असतात. ज्याला क्रम लावायचाय त्याने ते वाचावेत. पद्धतीला शिव्या कशाला?

अनुजाची आई

अहो, कोणी वाचत नाही! फॉर्मला एकच रकाना असतो. आणि आता क्रेडिट बँक आलीय, या विद्यापीठाचे क्रेडिट त्या विद्यापीठात न्या, तीन वर्षांत १२० झाले की पदवी, चार वर्षांत १६० की ऑनर्स. न्या की. पण इथला ए प्लस ७० ला आणि तिथला कितीला, हे जुळवून कोण देणार? एकाच खात्यात दोन देशांच्या नोटा भरल्यासारखं.

लेस्टरकर

यूएमएस नेमका त्यासाठीच होता, ताई. वेगवेगळे पेपर एका मापात आणायला.

जुना टीवाय

तीन वर्षांचं एकच वार्षिक ठेवा, मापच लागणार नाही.

खिडकीतली मांजर

काका, कावीळ मार्च-एप्रिलात झाली असती तर?

जुना टीवाय

...ते आहे. आमच्यातला एक टायफॉइडने असाच गेला. म्हणजे वर्ष गेलं, तो आहे.

अनुजाची आई

माझं काम मात्र झालं. दोन तास रांगेत उभं राहून कॉलेजकडून कन्व्हर्जन सर्टिफिकेट आणलं. त्यावर तिसरंच सूत्र आहे. ८०.२ टक्के.

तिरपा कोन

सूत्राचा फोटो टाका, ताई. पुतणीचं लावून बघतो.